कानशीला भोक पडत नाहीये – नरम करून ड्रिल मारावं की कडक असतानाच?

अर्धगोल

मंडळी, एका ठिकाणी पार अडकलोय. जरा सविस्तर लिहितो.

दहा इंची जुनी सपाट कानस आहे, दात पूर्ण झिजलेले. तिची सुरी करायला घेतलीये. ग्राइंडरवर दोन्ही बाजूंचे दात काढले, पात्याला आकार दिला. घासताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत होतो, रंग कुठेही येऊ दिला नाही, त्यामुळे कडकपणा उतरलेला नाही याची खात्री आहे. आता मूठ बसवायला मागच्या भागात रिव्हेटसाठी ५ मिमीची दोन भोकं पाहिजेत. सेंटर पंच मारला तर पंचाचंच टोक बसलं. साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट लावलं तर ते जागच्या जागी फिरतं, किंचाळतं आणि खाली नुसता एक चकचकीत ठिपका पडतो. दोन बिटं अशीच गेली.

मग मागचा भाग वाइसमध्ये धरला आणि गॅस टॉर्चने लाल केला. चांगला लाल, दिवसाउजेडी दिसेल इतका. टॉर्च बंद केला आणि वाइसमध्येच गार होऊ दिला. पंधरा मिनिटांनी ड्रिल लावलं तर पहिल्या भोकाच्या जागी मिलिमीटरभर उतरलं आणि थांबलं. आणि दुसरी जागा, जी वाइसच्या जबड्याजवळ होती, ती आधीइतकीच कडक!

लाल करून गार केलं तर पोलाद नरम होतं असं ऐकलेलं, मग हे काय झालं? परत तापवू की कार्बाइड (पोलादाहून कडक असा पदार्थ) बिट आणून तसंच भोक पाडू? आणि तापवलं तर पात्याची धार जाईल का? सगळीकडे वेगवेगळं सांगतात म्हणून इथे विचारतोय.

ठिणगी

वाइसने पाणी दिलं तुमच्या कानशीला.

ठिणगी

आधी घाईत एकच ओळ लिहिली, आता नीट लिहिते. पाणी देणं म्हणजे काय, तर लाल पोलादातली उष्णता झटकन काढून घेणं. ती पाण्याने काढा, तेलाने काढा नाहीतर थंडगार लोखंडाच्या जाड जबड्याने काढा, पोलादाला त्याचं काही नाही. चार-पाच मिमी जाडीची पट्टी दोन्हीकडून किलोकिलोच्या लोखंडात दाबून धरली की तिथली उष्णता बघता बघता जाते. म्हणून जबड्याजवळ परत कडक झाली आणि लांबच्या जागी हवेत गार झाली म्हणून अर्धवट नरम. तुमची चूक तापवण्यात नाही, गार करण्यात आहे.

अर्धगोल

अच्छा!! हे डोक्यातच आलं नव्हतं. वाइस म्हणजे नुसतं धरायचं साधन एवढंच मनात होतं.

भात्याजवळ

ठिणगीताईंनी नेमकं सांगितलं. मी यात थोडी भर घालतो.

कानशीत साधारण १ ते १.२ टक्के कार्बन असतो. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की पोलादाची आतली रचना बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो. आता सावकाश गार केलं तर कार्बनला बाहेर पडून आपापल्या जागी बसायला वेळ मिळतो आणि पोलाद नरम होतं. झटकन गार केलं तर तो आतच अडकून बसतो, अणूंची सगळी जाळी ताणलेली राहते, तेच कडक पोलाद. त्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, जर्मनीच्या आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून हे नाव १८९५ च्या सुमारास पडलं. म्हणजे तेच पोलाद, तोच ताव, फरक फक्त गार होण्याच्या वेगाचा.

घरी करायची रीत सांगतो. कोरडी, बारीक चाळलेली लाकडाची राख घ्या, पत्र्याचा डबा भरेल इतकी. राख कोरडीच पाहिजे, दमट असली तर तीच पाणी देईल. कानस लाल करा, चुंबक लावून बघा, चुंबक धरेनासं झालं की त्याच्या किंचित वर नेऊन मिनिटभर तिथे ठेवा आणि सरळ राखेत खुपसा. वरून हात भरून राख दाबा. आणि मग उघडून बघायचा मोह आवरा. रात्री पुरली तर सकाळी काढा.

अजून एक, पातळ वस्तूत मुळात उष्णताच कमी असते, त्यामुळे राखेतसुद्धा ती लवकर गार होते. म्हणून मी सोबत एक जाड लोखंडी पट्टा लाल करून राखेत पुरतो आणि पातळ वस्तू त्याला चिकटवून ठेवतो. मोठा भाऊ धाकट्याला ऊब देतो तसं. मागच्या वेळी सहा तासांनी उकरलं तरी हात लावता येत नव्हता.

मायक्रोमीटर

चुंबकाबद्दल एक दुरुस्ती, कारण हे नेहमी अर्धवट सांगितलं जातं. चुंबकत्व ७७० अंशांना जातं असं सांगतात, पण तो आकडा शुद्ध लोखंडाचा. जास्त कार्बनच्या पोलादात ७२७ च्या पुढे रचना बदलायला लागली की त्याबरोबरच चुंबकत्व जातं. म्हणजे कानशीसाठी चुंबक सुटणं हीच "रचना बदलली" याची खूण. ७७० ची वाट बघत बसाल तर उगाच जास्त तापवाल. पोलाद पिवळं होईपर्यंत तापवलं तर आतले कण मोठे होतात, वरचा कार्बन जळून जातो आणि पापुद्रा सुटतो.

जुना_पान्हा

मी जरा उलटं बोलतो, रागावू नका. मुळात त्यांना एवढं तापवायची गरजच काय?

त्यांना भोक पाडायचंय, कानस कणकेसारखी मऊ करायची नाहीये. ७२७ च्या वर नेलं नाही तर परत कडक व्हायचा प्रश्नच उद्भवत नाही. साडेसहाशे ते सातशेच्या मध्ये ठेवा, म्हणजे सावलीत जेमतेम दिसणारा गडद लाल रंग. चुंबक अजून घट्ट धरतंय असा. तिथे वीसेक मिनिटं धरा आणि मग खुशाल हवेत गार करा, वाइसमध्ये गार करा, काही बिघडत नाही. कडक पोलादाचा ताव, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि ड्रिल चालेल इतकं नरम होतं. राख नको, रात्रभर थांबणं नको. मी कित्येक वर्षं असंच करतोय.

भात्याजवळ

पान्हाकाका, पद्धत बरोबर आहे तुमची, पण टॉर्चवर वीस मिनिटं नेमक्या त्या रंगावर धरून ठेवणं नवीन माणसाला अवघड जातं. जरा हात हलला की ७२७ ओलांडलं, आणि मग हवेत गार झालं की मधेमधे कडक ठिपके. बिट अशा ठिपक्यावर आलं की कड उडते. राखेत चुकायला जागा कमी.

जुना_पान्हा

म्हणून तर चुंबक हातात ठेवायचं. सुटलं तर समजायचं पुढे गेलो, मग तुमची राख आहेच. :)

निळीधार

दोघांचंही पटतं. पण मूळ प्रश्नातला एक भाग सगळ्यांच्या नजरेतून सुटतोय. त्यांचं पातं घासून तयार आहे आणि त्यांना ते परत भट्टीत घालायचं नाहीये. मग सगळी कानस राखेत घालून कसं चालेल? आख्खं पातं नरम होईल आणि नव्याने पाणी द्यावं लागेल.

फक्त मागचा भाग नरम करायचा असेल तर हे करा. एक पसरट भांडं पाण्याने भरा, पातं त्यात उभं बुडवा आणि मुठीचा भाग पाण्याच्या वर ठेवा. वरच्या टोकाला टॉर्च लावा. पाण्यातला भाग शंभर अंशांच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे धार सुरक्षित. इथे मात्र पान्हाकाकांचीच पद्धत वापरा, गडद लालपर्यंतच. कारण खाली पाणी आहे आणि ते सतत उष्णता ओढतंय, ताव ७२७ च्या वर गेला तर टॉर्च काढल्यावर पुन्हा कडक होईल. भोकाची जागा आणि पाणी यात निदान चार सेंमी अंतर राहू द्या.

हे करताना रंग बघायला मिळतात ते एकदा डोळे भरून बघाच. आधी मागचा भाग घासून चकचकीत करून ठेवा. टॉर्च लावल्यावर टोकाकडून फिका पिवळा निघतो, त्याच्यामागे तपकिरी, मग जांभळा, मग निळा, आणि हे पट्टे एकामागोमाग एक पाण्याच्या दिशेने सरकत येतात. पाण्याजवळ आले की मंदावतात, अगदी थबकतात. निळ्याच्या मागे करडा आणि त्याच्या मागे लाल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा टॉर्च धरलाय हेच विसरले होते.

अर्धगोल

निळा आला की नरम झालं ना? म्हणजे निळ्यावरच थांबू का?

मायक्रोमीटर

नाही. निळा म्हणजे साधारण ३०० अंश. स्प्रिंगचा ताव. स्प्रिंगसारखं लवचिक होतं पण कानशीचं पोलाद निळ्यावरही साध्या एचएसएस बिटला दाद देत नाही. फिका पिवळा २२० च्या आसपास, तपकिरी २५० ते २६०, जांभळा २८०, निळा ३००. हे सगळे ताव सुरीच्या पात्याच्या कामाचे. भोकासाठी याच्या दुपटीच्या वर जायला हवं.

सूतभर

मला पण याच विषयात मदत हवी, मधे घुसतोय, माफ करा. पॉवर हॅक्सॉचं तुटलेलं रुंद पातं आहे, त्याची मार्किंगची सुरी करायची आहे. वर भात्याजवळदादांनी सांगितलं तसंच दोनदा केलं, लाल करून कोरड्या राखेत रात्रभर. जाड पट्टासुद्धा सोबत पुरला. सकाळी नवीन कानस घासून बघितली तर काचेवरून घसरावी तशी घसरते. पोलाद नरम होत नाही असं कधी असतं का?

ठिणगी

असतं. ते एचएसएस आहे, तुमच्या ड्रिल बिटचंच भावंडं. त्याला राखेने काही होत नाही.

खात्री करायची असेल तर ग्राइंडरला लावून ठिणग्या बघा, तेवढ्यासाठीच तर मी हे नाव घेतलंय इथे. कानशीच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, भरपूर, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला फुलबाजीसारखा फुटारा. जितका कार्बन जास्त तितके फुटारे दाट आणि चाकाच्या जवळ. एचएसएसच्या ठिणग्या एकदम वेगळ्या: गडद लालसर नारिंगी, मोजक्या, बारीक तुटक रेघा, आणि टोकाला फुटारा जवळजवळ नाहीच. एकदा शेजारी शेजारी घासून बघा, आयुष्यभर विसरणार नाही. आधी ओळख, मग टॉर्च. तुकडा कोणता आहे हे कळलं नाही तर वरचे सगळे उपाय अंधारातले.

भात्याजवळ

ठिणगीताई, बरोबर. चूक माझी, मी "पोलाद" म्हणून सरसकट सांगितलं.

एचएसएसचा जन्मच तावात न उतरण्यासाठी झालाय. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये यावर काम केलं, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लेथवर टूलचं टोक तापून लाल झालेलं असतानाही ते लोखंड कापत राहिलेलं लोकांनी पाहिलं. आजच्या एचएसएसमध्ये टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, व्हॅनेडियम असतं आणि ते साधारण सहाशे अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही. नरम करायचं तर साडेआठशेच्या वर नेऊन तासाला दहा-वीस अंशांनी खाली आणावं लागतं. हे काम कंट्रोलर असलेल्या विजेच्या भट्टीचं. राखेचा डबा त्याच्या मानाने फार लवकर गार होतो, आणि अशी पोलादं हवेतसुद्धा कडक होतात. म्हणजे तुम्ही दोनदा तापवून बहुतेक दोनदा पाणीच दिलंत. डी२ सारखी डायची पोलादंही याच जातीची.

गंजलेला_बोल्ट

माझ्याकडे याच्याही पुढचं एक आहे. खाणीतल्या यंत्राची पट्टी, चुंबकाला चिकटतच नाही, कानस थोडीफार लागते पण ड्रिल अर्धा मिमी जाऊन थांबतं आणि मग काही केल्या हलत नाही.

मायक्रोमीटर

चुंबकाला चिकटत नाही आणि दाबलं की कडक होतं, म्हणजे बहुतेक मँगनीज पोलाद. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेलं, १२-१३ टक्के मँगनीज. ते ठोकल्याने, घासल्याने वरून कडक होत जातं. आणि त्याची गंमत उलटी आहे, हजारच्या वर तापवून पाण्यात टाकलं की चिवट राहतं आणि सावकाश गार केलं की ठिसूळ होतं! राखेत अजिबात घालू नका. कार्बाइड बिट, कमी फेरे, जोरदार दाब, आणि बिट एक सेकंदही नुसतं घासू द्यायचं नाही. ते नुसतं फिरलं की तुम्हीच खालचा थर कडक करताय. स्टेनलेसलाही हेच लागू.

सूतभर

मग माझ्या पात्याचं काय? टाकून देऊ?

राखुंडी

टाकताय कशाला, उत्तम पातं होईल त्याचं. हॅक्सॉ पात्याच्या टोकाला बसवायचं भोक असतं ना, तेच मुठीकडे येईल असं कापा. माझ्या तीन सुऱ्यांमध्ये एक रिव्हेट त्या आयत्या भोकातच आहे.

दुसरं भोक पाहिजेच असेल तर कार्बाइड. मी काँक्रीटची मॅसनरी बिटं वापरते. त्यांच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा झाळलेला असतो, पण त्याची कड बोथट असते कारण ती ठोकायला बनवलेली, कापायला नाही. तसंच लावलं तर नुसतं घासतं. डायमंडच्या चपट्या दगडावर दोन्ही कडा धारदार करून घ्या, ग्राइंडरचा करडा दगड कार्बाइडला लागत नाही, हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा लागतो. घासताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

मग ड्रिल प्रेसवर घट्ट क्लॅम्प करून, हॅमर मोड बंद, हातातलं ड्रिल नको. हात जरासा तिरपा झाला की कार्बाइड कटकन तुटतं. कोरडंच चालवा. मधेच पाण्याचा थेंब टाकलात तर गरम कार्बाइडला तडा जातो. खाली साधी लोखंडी पट्टी घट्ट दाबून ठेवा, कारण भोक पलीकडे निघतानाच बिट अडकतं आणि टोक उडतं. शेवटचा अर्धा मिमी श्वास रोखून करायचा.

जुना_पान्हा

राखुंडीताईंच्या पोस्टला एक जोड. हातात धरून पट्टीला भोक पाडू नका. कुणीच. मोठं होवो लहान होवो. मी तरुण असताना हातभर लांबीची पट्टी हाताने धरली होती, बिट पलीकडे निघताना अडकलं आणि पट्टी पंख्यासारखी फिरली. अंगठ्याच्या बुंध्याला सात टाके पडले आणि दोन महिने मुठीत काही धरता येत नव्हतं. आणि ड्रिलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, मोजा गुंडाळला की हात आत ओढला जातो. चष्मा मात्र नेहमी, कडक पोलादाचा तुकडा उडतो तो काचेसारखा.

निळीधार

+१. आणि तापवण्याआधी पण दोन गोष्टी बघा. वर जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असेल तर तो आधी पूर्ण काढा, त्याचा धूर विषारी. आणि बंद पोकळ वस्तू, शॉक अॅब्सॉर्बर, गॅस स्प्रिंग, बंद पाइप, कधीच तापवायच्या नाहीत. फुटतात.

सूतभर

पातळ पात्याला खिळा फिरवून नरम करतात म्हणे, ते खरं आहे का?

राखुंडी

खरं आहे. ड्रिल प्रेसमध्ये बिटऐवजी पाच-सहा मिमीची बोथट सळई लावायची, वेगात फिरवायची आणि जागेवर दाबायची. घर्षणाने तेवढाच ठिपका तापतो आणि ताव उतरतो. दोन मिमीपर्यंतच्या साध्या कार्बन पोलादाला छान चालतं, करवतीच्या पात्यांना मी कायम असंच करते. ठिपका लाल झाला की एकदम उचलायचं नाही. आजूबाजूचं थंड पोलाद लगेच उष्णता ओढून त्याला परत कडक करतं. दाब हळूहळू कमी करत जायचं, लाल, करडा, निळा असं उतरू द्यायचं. दोन्ही बाजूंनी करायचं. पण तुमच्या एचएसएसला नाही चालणार आणि अर्धगोल यांच्या कानशीची जाडी याला जास्त आहे.

गंजलेला_बोल्ट

थोडं विषयांतर. तुटलेला टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) पितळेत अडकला असेल तर काय करता? तोही कडक आणि भोक पाडता येत नाही.

जुना_पान्हा

पितळेत असेल तर तुरटी! घड्याळवाल्यांची जुनी युक्ती. तुरटीचं दाट द्रावण करून त्यात वस्तू ठेवायची आणि मंद गरम ठेवायचं, उकळी नको. टॅपवरून बारीक बुडबुडे निघायला लागतात आणि पोलाद विरघळत जातं, पितळेला फारसं काही होत नाही. तास लागतात, कधी दोन दिवस लागतात, पाणी आटलं की भर घालायची. वस्तूत दुसरा पोलादी भाग नसेल तरच हं, नाहीतर तोही जाईल. लोखंडाच्या ठोकळ्यात टॅप असेल तर उपयोग नाही, तिथे कार्बाइडचा बर, म्हणजे कोरून काढणारं छोटं फिरतं कटर.

गंजलेला_बोल्ट

हे कधी ऐकलंच नव्हतं. आजच करून बघतो.

अर्धगोल

मंडळी, झालं!! सगळं सांगतो.

आधी ठिणगीताईंचं ऐकून कानशीचा तुकडा ग्राइंडरला लावला. पांढऱ्या-पिवळ्या रेघा, टोकाला दाट फुटारे. आत खोलवर घासलं तरी ठिणगी तीच, म्हणजे फक्त वरून कडक केलेली स्वस्त कानस नाही, आरपार चांगलं पोलाद आहे.

मग निळीधार यांची पाण्याची पद्धत. पातं भांड्यात उभं केलं, दोन दगडांच्या मधे टेकवलं, वर सहा सेंमी मोकळं ठेवलं. खिडकीचा पडदा ओढून खोली अंधारी केली आणि चुंबक एका तारेला बांधून हाताशी ठेवलं. रंग सरकत आले, तुम्ही म्हणालात तसेच. निळा आला, करडा झाला, आणि मग टोकाला विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लाल दिसायला लागला. टॉर्च थोडा लांब घेतला की मावळायचा, जवळ आणला की परत यायचा. दर दोन मिनिटांनी चुंबक लावलं, शेवटपर्यंत चिकटत होतं. वीस मिनिटं हात अवघडला पण सोडलं नाही. मग टॉर्च बंद करून तसंच राहू दिलं.

सेंटर पंच मारला. खूण पडली. त्या एका खुणेनेच इतका आनंद झाला! कोबाल्टचं ५ मिमी बिट घेतलं होतं, १३५ अंशांच्या टोकाचं. फेरे किती ठेवायचे कळेना म्हणून हिशेब केला, मिनिटाला ६ मीटर धरले तर ५ मिमीला साधारण ३८० येतात. ड्रिल प्रेसचा पट्टा सगळ्यात खालच्या पुलीवर टाकला, कटिंग ऑइलचा थेंब टाकला आणि जोर लावला. पहिले एक-दोन सेकंद कुरकुर झाली, मग आवाज बदलला. किंचाळणं गेलं आणि दबका खरखर असा एकसारखा आवाज यायला लागला, आणि बिटच्या दोन्ही खाचांमधून किस निघाला, बारीक, कुरळा, टोकाला किंचित तपकिरी. भोक आरपार! दुसरंही तसंच. मी त्यातला एक कुरळा किस जपून ठेवलाय.

ठिणगी

अभिनंदन! फोटो टाका. दोन्ही भोकांच्या कडा मोठ्या बिटने हाताने फिरवून मोडून घ्या, तीक्ष्ण कडेपासून तडा सुरू होतो.

भात्याजवळ

फार छान. आता पात्याचं राहिलंय ते विसरू नका. कानस कापायला बनवलेली असते, वाकायला नाही. तिचा ताव जवळपास उतरवलेलाच नसतो, तशीच सुरी वापरलीत तर खाली पडल्यावर मोडेल. मूठ बसवण्याआधी आख्खी सुरी ओव्हनमध्ये २०० ते २२० वर दोन तास, बाहेर काढून पूर्ण गार, परत दोन तास. चकचकीत केलेल्या भागावर फिका पिवळा रंग आला पाहिजे. मागच्या नरम भागाला याने काही होत नाही.

मायक्रोमीटर

ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. माझ्या ओव्हनमध्ये मागच्या कोपऱ्यात तीस अंशांचा फरक निघाला होता. सुरी तव्यावर वाळू पसरून तिच्यात ठेवली की ताव सगळीकडे सारखा लागतो.

अर्धगोल

थर्मामीटर आहे. वाळू चाळून सुकवायला ठेवली, उद्या सकाळी लावतो. त्या ग्राइंडरने घासलेल्या दातांच्या खुणा पात्यावर एका बाजूला पुसट राहिल्यात, त्या ठेवल्या तर चालतील का? दिसायला आवडतायत.

निळीधार

मुठीजवळ असतील तर ठेवा, छान दिसतात. धारेजवळच्या मात्र पूर्ण काढा, दाताच्या तळाशी असलेल्या खाचेतून तडा जातो. पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासा, आडवं नको.

सूतभर

माझंही कळवतो. मॅसनरी बिट डायमंडवर घासलं, आयत्या भोकाच्या मागे ३० मिमीवर दुसरं पाडलं. पहिलं बिट शेवटच्या अर्ध्या मिमीला गेलं, कारण खालची पट्टी नुसती ठेवली होती, दाबली नव्हती. दुसऱ्या वेळी दोन क्लॅम्प लावले आणि निघालं. राखुंडीताई, रिव्हेटला पितळेची सळई चालेल का? भोक ६ चं झालंय आणि सळई ५.८ ची आहे.

राखुंडी

चालेल. दोन्ही टोकांना दीड-दीड मिमी बाहेर ठेवा, सळई आधी लाल करून पाण्यात टाका म्हणजे नरम होईल. पितळेला पाण्याने कडकपणा येत नाही. मग हलक्या हातोडीने कडेकडेने ठोका, आत फुगून भोक भरेल.